लाईन सोडू नको, चिठ्ठी ठेवू नको

लेकरा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आलेला, मी सकाळी उठल्यावर पाहिला. एवढं सगळं टाईप केलंस आणि डिलीट न मारता पाठवलंस, ह्याचंच आधी बरं वाटलं. फोन लावणार होतो, पण फोनवर तू नुसतं "हो सर, हो सर" करशील आणि माझं अर्धं तसंच राहून जाईल, म्हणून लिहायलोय. पेपरची लाईन टाकून आल्यावर, चहा पिऊन, निवांत वाच. रिप्लाय लगेच दिलाच पाहिजे असं काही नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. तुझ्या कॉलेजातली ती मुलगी जिंतूर रोडच्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला आली, ती बिल्डिंग नेमकी तुझ्या लाईनीत, परवा तिनं गॅलरीतून तुला पेपर टाकताना बघितलं आणि तेव्हापासून तुला लाईन सोडून द्यावी वाटायलंय, ही एक. आणि दुसरी, तुझा दोस्त म्हणतोय की सोडायच्या आधी रविवारच्या पुरवणीत एक चिठ्ठी घालून दे, काय व्हायचं ते होऊ दे.

दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. लाईन सोडू नको आणि चिठ्ठी ठेवू नको. आता कामून नको ते जरा लांबण लावून सांगतो, कारण नुसतं नको म्हटलेलं तुझ्या वयात कुणी ऐकत नसतं आणि ऐकूही नये.

आधी हे ऐक, तुला ती आवडते ह्यात लाजण्यासारखं काहीच नाही. मेसेजमध्ये जागोजागी "सॉरी सर" लिहिलंस, ते कशाबद्दल? मला तर चौथीतच एक जण आवडली होती, तिचे वडील रेल्वेत होते, मधल्या सुट्टीत ती दप्तरातून चिंचा काढून बाकावर ओळीनं मांडायची आणि मला वाटायचं ह्यातली एक आपल्याला द्यावी, बस एवढंच, त्याच्या पुढचं काही सुचायचंच नाही. मग वडलांची पूर्ण्याला बदली झाली आणि ती गेली. पूर्णा काही लांब नाही, नांदेडच्या रस्त्यालाच, पण तेव्हा ते जगाच्या पार पलीकडचं गाव वाटलं होतं. अजून रेल्वेनं नांदेडला जाताना पूर्णा आलं की मी पुस्तक बाजूला ठेवून खिडकीतून बघतो. चाळीस वर्षांनी सुद्धा कुठंतरी आत ते चांगलं वाटतं. असं आवडणं माणसाजवळ असावं, मी तर म्हणतो ज्याला लहानपणी कुणीच आवडलं नाही त्याचं काहीतरी राहून गेलं.

आता पेपरचं. मी पेपर टाकायचो हे तुला माहीत आहे पण वर्गात मी त्यावर कधी नीट बोललो नाही. आठवी ते दहावी, १९९२ ते ९५ चा काळ. पहाटे चारला स्टँडवर जायचं, औरंगाबादची गाडी आलेली असली तर ठीक नाहीतर शेकोटीजवळ बसून वाट बघायची. औरंगाबादहून लोकमत, मराठवाडा यायचे, नांदेडहून प्रजावाणी, गोदातीर समाचार. 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव १९९१ ला गेले तरी आपल्या परभणीच्या नानलपेठेतली कितीतरी म्हातारी माणसं 'मराठवाडा' सोडून दुसऱ्या पेपरला हात लावत नव्हती, हैदराबाद मुक्तिसंग्राम बघितलेली माणसं ती, त्यांना दुसरा पेपर चुकून टाकला तर गेटपर्यंत हाक यायची. उर्दू पेपर घेणारी घरं वेगळी, त्यांचा गठ्ठा वेगळा बांधायचा, आणि ईदच्या दिवशी त्या गल्लीत शीरखुर्मा प्यायल्याशिवाय सायकल पुढं काढू देत नसत.

गठ्ठ्याची सुतळी तोडली की आधी पुरवण्या भरायच्या. हे तू रोज करतोस, पण आमची पद्धत सांगतो, तुझ्या एजन्सीत कुणी अशी करतं का बघ. पेपर मांडीवर आडवा घ्यायचा, उजव्या अंगठ्यानं मेन पेपरचं पोट फाकवायचं, डाव्या हातानं पुरवणी आत सरकवायची आणि गुडघ्यावर एक ठोका देऊन कडा जुळवायच्या. ओली शाई असली की अंगठा काळाकुट्ट, तो तसाच घेऊन शाळेत जायचं, वहीच्या पानावर ठसा उमटायचा. मग लाईनीच्या उलट्या क्रमानं गठ्ठा लावायचा, शेवटचं घर सगळ्यात खाली, पहिलं वर, थोडे हँडलच्या पिशवीत बाकीचे कॅरिअरवर. डिसेंबरात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा किती घसरला त्याची बातमी पेपरात असायची आणि ती बातमी आम्ही त्याच थंडीत, कानाला मफलर बांधून, लोकांच्या दारात नेऊन टाकायचो.

आणि लाईन टाकता टाकता घरं कळत जातात, हे तुलाही आतापर्यंत जाणवलं असेल. कुणाचं गेट कुरकुरतं, कुणाकडं आजारी माणूस आहे म्हणून पेपर फेकायचा नाही, खिडकीत हळूच खोचायचा, कुणाकडं रात्रभर लाईट चालू होता म्हणजे काहीतरी झालेलं आहे. एका घरात नवरा-बायकोचं पहाटेच भांडण लागायचं, ते कानावर पडायचंच, ते तिथंच सोडून पुढं जायचं. आमच्या एजंटनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पेपर दारात ठेवायचा, नजर घरात ठेवायची नाही. तेव्हा ते नुसतं धाक म्हणून घेतलं होतं, पण आज मला वाटतं आख्ख्या धंद्यात ह्याच्यापेक्षा मोठी गोष्ट नाही. बघ ना, अजून कुणी उठलेलं नाही, बाया केस न विंचरता अंगणात आलेल्या असतात, माणसं बनियनवर असतात, आणि तू एक परका पोरगा त्यांच्या गेटच्या आत जातोस आणि कुणाला काही वाटत नाही. कारण तू पेपरवाला आहेस.

त्याच नानलपेठेत माझ्या लाईनीतल्या एका घरी एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, तिच्या नावाचं ह्या पत्रात काही काम नाही. दुसऱ्या शाळेत होती, माझ्याच इयत्तेत. मी पोचायचो तेव्हा ओट्यावर रॉकेलची चिमणी घेऊन अभ्यास करत बसलेली असायची, पहाटे लाईट नसायचीच बऱ्याचदा. मी पेपर ओट्याच्या कडेला ठेवायचो आणि ती मान वर न करता हात पुढं करून तो ओढून घ्यायची. त्या घराच्या आधीची दोन घरं मी सायकल जरा हळू चालवायचो. मी पेपर वाचायला लागलो तेही तिच्यामुळंच, त्याआधी मी फक्त क्रिकेट बघायचो. ती अग्रलेखाचं पान उघडते हे दिसलं म्हणून मी पण स्टँडवर गाडीची वाट बघताना, रिटर्नच्या, म्हणजे न खपलेल्या गठ्ठ्यातला कालचा पेपर काढून अग्रलेख वाचायला लागलो, काही कळायचं नाही, तरी वाचायचो, आणि मग हळूहळू कळायला लागलं. आज मी तुम्हाला मराठी शिकवतो त्याची सुरुवात कुठं झाली विचारशील तर तिथं झाली.

मग ९३ चा भूकंप आला. तू जन्मला नव्हतास, तुझे आईवडीलही लहान असतील. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. आमच्याकडं भांडी वाजली, लोक पोरंबाळं घेऊन रस्त्यावर आले, बस. पण तिकडं लातूर-उस्मानाबादच्या हद्दीवर किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. जवळपास दहा हजार माणसं गेली त्यात. फोन लागत नव्हते, टीव्ही मोजक्या घरी, रेडिओवर दोन मिनिटांची बातमी. मग उरला पेपर. पुढचे कितीतरी दिवस लोक घरात थांबायचेच नाहीत, गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे आणि सायकल दिसली की हात पुढं. एका म्हाताऱ्यानं माझ्या पिशवीतून पेपर ओढला आणि तिथंच धुळीत मांडी घालून बसला, लेक दिलेली होती त्यांची तिकडं.

तिच्या आजीचं माहेर सास्तूरच्या बाजूचं होतं, हे मला तेव्हा कळलं. आजीला वाचता येत नव्हतं. मी पोचलो तर त्या दिवशी पुस्तक नव्हतं, दोघी ओट्यावर बसून होत्या. तिनं पेपर घेतला, चिमणी जवळ ओढली आणि एकेका ओळीखाली बोट ठेवून गावांची नावं मोठ्यानं वाचायला लागली. एक नाव वाचायची आणि आजीकडं बघायची. आजी म्हणायची, "आणिक?" परत एक नाव. परत "आणिक?" मला पुढची घरं होती, लोक वाट बघत होते, पण माझा पाय पेडलवर जाईना. दुसऱ्या दिवशी मी एजंटला सांगून नांदेडचा पण एक पेपर मागून घेतला, एकात नसलेली बातमी दुसऱ्यात असते म्हणून, आणि दोन्ही नेऊन ठेवले. त्यांचे पैसे एजंटनं घेतले नाहीत. ती म्हणाली, "उद्या पण आणशील का?" मी म्हणलं, "हाव." आमचं आख्ख्या तीन वर्षांतलं बोलणं म्हणशील तर ते एवढंच.

आजीच्या माहेरचं शेवटी पेपरातून कळलंच नाही, तिकडून कुणीतरी माणूस आला तेव्हा कळलं. घरातले दोघं गेले होते.

ते दिवस मला कामून सांगावे वाटले, तर त्या दिवसांत ती मला आधीपेक्षा जास्तच आवडायला लागली होती, पण तिनं माझ्याकडं बघावं, हसावं, माझं नाव विचारावं, हे जे रोज वाटायचं ते त्यातून गळून गेलं होतं. तिला काय लागतंय तेवढंच दिसत होतं. नंतर ते वाटणं परत आलं, नाही असं नाही, मी काही साधू नव्हतो. पण तसं पण आवडता येतं हे एकदा कळलं की ते कळलेलं राहतं. बारावी झाल्यावर ती शिकायला औरंगाबादला गेली, पुढं काय झालं मी कधी विचारलं नाही. मला त्याची रुखरुख नाही, हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

आता तुझी लाज. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, अंगाला कढ येतो हे मला माहितीय. कॉलेजात इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्या बाकावर बसणारा पोरगा पहाटे घामाघूम होऊन तिसऱ्या मजल्यावर पेपर टाकताना तिला दिसला, आणि तुला वाटलं आपलं बिंग फुटलं. पण फुटलं काय? तू क्लासची फी स्वतः भरतोस, हे? लोक अशा वेळी अब्दुल कलामांचं नाव घेतात, रामेश्वरमला लहानपणी त्यांनी पेपर वाटले, महायुद्धात स्टेशनवर गाडी थांबेना तेव्हा चालत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे गोळा करायचे, आणि त्यांच्या वाढदिवसाला १५ ऑक्टोबरला आपल्याकडं वृत्तपत्र विक्रेता दिन पण करतात. खरं आहे सगळं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मला ते उदाहरण तुझ्यासाठी पुरं वाटत नाही. पुढं राष्ट्रपती होणार म्हणून पेपर टाकणं चांगलं, असं का? पेपर टाकणारी बहुतेक पोरं पुढं मास्तर होतात, दुकान टाकतात, कंडक्टर होतात, काही आयुष्यभर पेपरच टाकतात, आणि त्या त्या सकाळी ज्याच्या दारात पेपर वेळेवर पडला त्याच्यासाठी ते काम तिथंच पूर्ण झालेलं असतं.

२०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमध्ये राज्य सरकारनं घरोघर पेपर टाकायला काही काळ बंदी घातली होती, तू तेव्हा शाळेत असशील. आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड गुरुजी त्या दिवसांत रोज सहाला आंघोळ करून गेटजवळ येऊन उभे राहायचे. पेपर येणार नाही हे त्यांना माहीत होतं. परत सुरू झाला त्या दिवशी त्यांनी त्या पोराला आत बोलावता येत नव्हतं म्हणून गेटच्या दांडीवर गुळाचा खडा कागदात बांधून ठेवला. तुझ्या लाईनीत अशी किती घरं असतील, तुला माहीत पण नसेल. त्यांची सकाळ तू एका मुलीच्या नजरेपायी दुसऱ्याच्या हवाली करायला निघालास, तेही तिनं तोंडातून शब्द काढलेला नसताना. ती काय विचार करतेय हे तू तुझ्याच मनानं ठरवून टाकलंस, हे तिच्यावर पण अन्यायाचं आहे. कदाचित तिला काहीच वाटलं नसेल. कदाचित चांगलं वाटलं असेल. आणि वाईट वाटलं असलं, पेपरवाला म्हणून तू तिच्या नजरेतून उतरला असलास, तर ते कळून मोकळा झालेलं बरं.

तू लिहिलंस की ती बिल्डिंग दुसऱ्या पोराला देऊन त्याची गल्ली घेतो. लाजेपायी देऊ नको. पण तिला किंवा तिच्या घरच्यांना तुझ्या येण्याचा त्रास व्हायलाय असं जरा जरी दिसलं, ती तू आलास की आत जायला लागली, गॅलरीचं दार लावून घ्यायला लागली, तर त्याच दिवशी एजंटला सांगून बिल्डिंग बदलून घे, कुणी काही बोलायची वाट बघू नको. ह्या दोन्हीतला फरक तुला कळतो, तेवढा तू शहाणा आहेस.

आता चिठ्ठी. हे जरा नीट वाच.

आमच्यातल्या एकानं ठेवली होती. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, स्वभावानं अगदी गरीब, अक्षर सुंदर. त्याच्या लाईनीतली मुलगी, तिच्याकडं बघून तो रोज जगायचा म्हण. रविवारच्या पुरवणीत त्यानं चिठ्ठी ठेवली, त्यात वाईट काही नव्हतं, तू मला आवडतेस आणि तुझं नाव फार छान आहे एवढंच. त्याच्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नाही की घरात पेपर आधी कोण उघडतं. वडील उघडतात. रविवारी तर चहाचा कप घेऊन पुरवणीच आधी उघडतात. दहा वाजता ते एजंटच्या दुकानात उभे होते. त्या पोराची लाईन गेली, गालावर दोन बसल्या, आणि महिनाभरानं तो दुसऱ्या एजन्सीत लागला पण. त्याचं एवढ्यावर भागलं. मुलीचं नाही भागलं. तिला काही माहीतच नव्हतं, तिनं त्याच्याकडं कधी बघितलेलं सुद्धा नव्हतं, पण "तू काहीतरी केल्याशिवाय कुणी चिठ्ठी ठेवील का" असं घरात सुरू झालं, शाळा बंद झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. ती नववीत होती.

तू म्हणशील सर तो जमाना गेला. कुठं गेला? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं की लग्न कितव्या वर्षी झालं, तर आपल्या परभणी जिल्ह्यात जवळपास निम्म्या जणींचं अठराच्या आत झालेलं निघालं, आख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त आपल्याकडं. बीड पण वरच आहे. माझ्या वर्गातल्या मुली दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत, बाक रिकामा दिसला की मला कळतं, आणि दर वेळी घरी जाऊन बसतो, समजावतो, कधी यश येतं कधी नाही. बरेच बाप वाईट नसतात, भ्यालेले असतात. ऊसतोडीला सहा महिने जायचंय, पोरीला कुणाजवळ ठेवायचं, आणि कानावर काही आलं तर? अशा घरात तुझी ती एक चिठ्ठी म्हणजे बापाच्या हातात दिलेलं कारण आहे. ती अपार्टमेंटमध्ये राहते, शिकलेलं घर आहे, सगळं मान्य, पण आतलं तुला काय माहीत? गॅलरीतून घर दिसत नाही.

आणि जातीचं पण बोलतो, कारण ते न बोलता पुढं गेलं तर मी तुझ्याशी खरं वागलो नाही असं होईल. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडून नामविस्तार झाला, त्या दिवसांत मी लाईनीवर होतो. एका गल्लीत लोकांनी माझ्या हातात पेढा ठेवून पेपर घेतला आणि त्याच्या दोन गल्ल्या सोडून दारं बंद, कुणी बोलेना. तोच पेपर, तीच बातमी. तेव्हा मी जे शिकलो ते अजून विसरलो नाही, आपलं गाव वरून एक दिसतं. तू कोण, ती कोण, हे तुम्हा दोघांना महत्त्वाचं नसेल आणि नसावंच, मी तर त्या बाजूचाच आहे. पण ते ज्यांना महत्त्वाचं आहे ते आधी मुलीला धरतात. ते झेपवायला माणूस स्वतःच्या पायावर उभा लागतो, दोघंही लागतात, आणि तुम्ही दोघंही अजून अठराचे नाहीत.

तिच्या इन्स्टावर तू दिवसातून कितीदा जातोस ते तूच लिहिलंस. ते कमी कर. नको म्हटल्यावर, किंवा नको आहे असं दिसत असताना मागं लागणं, मोबाईलवर पाळत ठेवणं, हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तू तसा पोरगा नाहीस म्हणूनच सांगतो, कारण तसा नसलेला पोरगा पण दोस्तांच्या नादानं हळूहळू तिकडं सरकतो. त्या दोस्ताला सांग की एवढी हौस असेल तर स्वतःच्या नावानं स्वतःच्या लाईनीत ठेव, बघ ठेवतो का.

मग करायचं काय, हे तू विचारशीलच. कॉलेजात तिच्याशी बोलायचं, सगळ्यांशी बोलतो तसं, सगळ्यांसमोर, प्रॅक्टिकलबद्दल, नोट्सबद्दल. पेपरचा विषय तिनं काढला तर खाली मान घालायची नाही, "हो, माझी लाईन आहे ती, पाचला सुरू करतो" असं सरळ सांगायचं. तिनं नाही काढला तर तू पण काढू नको. पहाटे त्या बिल्डिंगमध्ये मात्र तू तिचा वर्गमित्र नाहीस, पेपरवाला आहेस. वर गॅलरीकडं बघायचं नाही, पेपर ठेवायचा आणि खाली यायचं. महिन्याच्या बिलाला गेलास आणि दार तिनं उघडलं तर रक्कम सांगायची, पावती द्यायची, सुट्टे परत करायचे. हे दोन वेगळे ठेवता आले तर तुला ती कितीही वर्षं आवडू दे, त्यातून तुझं चांगलंच होईल. पुढं बारावी होईल, नीट परीक्षेचं काय व्हायचं ते होईल, तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा बोलावंसं वाटलं तर समोर उभं राहून, तिला नाही म्हणता येईल अशा जागी आणि अशा आवाजात बोल. ती नाही म्हणाली तर दुखेल. दुखू दे, मी आहे.

अजून एक, हे तुझ्या मेसेजात नुसतं ओझरतं आलंय पण मला खटकलं. थंडीत धाकट्याला पण सोबत नेतोस म्हणालास, म्हणजे लाईन लवकर उरकते. तो बारा वर्षांचा आहे. आमच्या वेळी त्या वयाची पोरं सर्रास असायची, पण २०१६ ला कायदा बदलला, चौदाच्या आतल्या पोराला असं कामाला लावता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेव, अंधारात हायवेच्या कडेनं त्याची सायकल ट्रकवाल्याला दिसत नाही. त्याला झोपू दे. तुझ्या सायकलला मागं लाल रिफ्लेक्टर आहे का? नसेल तर स्टेशन रोडला सायकलच्या दुकानात मिळतो, आजच लावून घे.

आणि क्लासचा पुढचा हप्ता एजंटकडून उचल घेऊन भरणार आहेस असं तुझ्या आईकडून कळलं. उचल घेऊ नको, ती फिटता फिटत नाही आणि मग लाईन सोडावी वाटली तरी सोडता येत नाही. रविवारी लाईन झाली की घराकडं ये, काकूनं धपाटे करायचे ठरवलेत, हप्त्याचं तेव्हाच बघू.

तुझा
सर